डार्क मॅटर, डार्क एनर्जी आणि त्यांना आव्हान देणारी मॉडेल्स: नेमके कोणते आव्हान कशाला?

मृगशीर्ष (धागाकर्ती)

'डार्क मॅटर नाहीच', 'विश्वाचे वय दुप्पट', 'डार्क एनर्जीची गरज संपली' अशा मथळ्यांच्या चित्रफिती गेले वर्षभर प्रत्येक ग्रुपवर येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच चित्रफितींच्या मुळाशी रीतसर छापून आलेला शोधनिबंध असतो. पण पाहणाऱ्याचा समज असा होतो, की हे सगळे पर्याय एकाच गोष्टीविरुद्ध उभे आहेत आणि प्रस्थापित शास्त्रज्ञ त्यांना दाबून ठेवत आहेत. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा.

आज सर्वमान्य असलेल्या मॉडेलनुसार साधा पदार्थ, म्हणजे तारे, वायू, धूळ, आपण सगळे, हा विश्वाचा जेमतेम ५ टक्के भाग. सुमारे २७ टक्के डार्क मॅटर आणि सुमारे ६८ टक्के डार्क एनर्जी. म्हणजे ९५ टक्के भाग कशाचा आहे हे ठाऊक नाही, फक्त त्याला नाव आहे. हे वाचून ज्याला अस्वस्थ वाटते त्याचे काहीही चुकत नाही.

ही दोन नावे मात्र अगदी वेगळ्या वाटांनी आली. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. एवढ्या वेगाच्या दीर्घिका फक्त दिसणाऱ्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहूच शकत नाहीत, असे त्यांना आढळले. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिवलनाचे वेग मोजले. सूर्यमालेत बुध जोरात पळतो आणि नेपच्यून संथ चालतो, तसे कडेचे तारे संथ असायला हवे होते. ते तसे नव्हते. पुढे रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी वापरून आणखी बाहेरपर्यंत मोजमाप केले, तरी आलेख सपाटच राहिला. ही डार्क मॅटरची वाट.

डार्क एनर्जी आली १९९८ मध्ये. दूरचे सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे ते अपेक्षेपेक्षा लांब आहेत, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना यासाठी २०११ चे नोबेल मिळाले.

त्यामुळे पर्यायी मॉडेल समोर आले की मी आधी विचारते: हे दीर्घिकांच्या वेगाबद्दल बोलते आहे, प्रसरणाच्या वाढत्या वेगाबद्दल, की मुळात महास्फोट झाला का याबद्दल? मोर्देहाइ मिलग्रोम यांचे 'मॉन्ड' (न्यूटनच्या गतिनियमांत केलेली दुरुस्ती) पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. डेव्हिड विल्टशायर यांचे 'टाइमस्केप' दुसऱ्याचे. आपल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर मांडलेले क्वासी-स्टेडी स्टेट मॉडेल तिसऱ्याचे. मॉन्ड खरे निघाले म्हणून महास्फोट खोटा ठरत नाही, आणि टाइमस्केप खरे निघाले तरी दीर्घिकांचे वेग जिथल्या तिथेच राहतात.

दुसरा प्रश्न मी विचारते तो असा: या मॉडेलने एखादा आकडा मोजमाप होण्याच्या आधी सांगितला होता का? निरीक्षण आल्यावर त्याला जुळेल असे काही मांडणे फार अवघड नसते. आधी सांगणे अवघड असते, आणि इथे मॉन्डचे पारडे लोकांना वाटते त्याहून बरेच जड आहे. मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये म्हटले, की त्वरण एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झाले की न्यूटनचा नियम बदलतो. ती मर्यादा सुमारे १.२ भागिले १००० कोटी, मीटर प्रति सेकंद वर्ग. इतक्या त्वरणाने एखादी वस्तू वर्षभर सतत ढकलली तरी तिचा वेग सेकंदाला ४ मिलिमीटरसुद्धा होत नाही! आणि त्याच वेळी ते म्हणाले, की ज्या दीर्घिकांमध्ये तारे विरळ विखुरलेले आहेत तिथे तफावत सर्वांत मोठी दिसेल. तेव्हा अशा फिकट दीर्घिकांची मोजमापे जवळपास नव्हतीच. १९९० च्या दशकात स्टेसी मॅकगॉ यांनी ती केली. ते स्वतः डार्क मॅटर गृहीत धरून कामाला लागले होते. मिळाले ते मिलग्रोम यांनी सांगितलेले.

मी मॉन्डवादी नाही. पण ज्याने आधी सांगितले त्याचे ऐकून घेतले पाहिजे, यावर मी ठाम आहे. तुमची मते आणि माहिती लिहा.

गणितमास्तर

सुंदर मांडणी. दहावीपुढच्या कोणालाही करता येईल असे एक गणित इथे ठेवतो, कारण मॉन्डची खरी ताकद त्यात दिसते.

त्वरण त्या मर्यादेच्या बरेच खाली गेले, की मिलग्रोम यांच्या नियमातून एक साधे सूत्र निघते: परिवलन वेगाचा चौथा घात = गुरुत्व स्थिरांक × दीर्घिकेचे वस्तुमान × तो मर्यादा-स्थिरांक. यात अंतर येतच नाही. म्हणजे आलेख सपाट राहणार हे सूत्रच सांगते, त्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही.

आता दिसणारा पदार्थ १०,००० कोटी सूर्यांइतका असलेली दीर्घिका घ्या. सगळे आकडे मीटर, किलो, सेकंदात टाका आणि दोनदा वर्गमूळ काढा. उत्तर येते सेकंदाला साधारण २०० किलोमीटर. अशा आकाराच्या दीर्घिकांचे मोजलेले वेग याच घरातले आहेत. वस्तुमान १६ पट केले तर वेग बरोबर दुप्पट होतो. टली आणि फिशर यांनी १९७७ मध्ये प्रकाशमानता आणि वेग यांच्यात जो संबंध दाखवला, त्याचे हेच रूप आहे. ताऱ्यांबरोबर वायूचेही वस्तुमान मोजले की तो संबंध आणखी नेटका होतो.

डार्क मॅटरच्या मॉडेलमध्ये हा संबंध निघत नाही असे नाही. पण तो निघण्यासाठी दीर्घिका कशी जन्मली, किती तारे फुटले, किती वायू बाहेर फेकला गेला, अशी लांबलचक साखळी लागते. इतक्या गोंधळातून इतकी सरळ रेघ का यावी, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही.

सई_क

मास्तर, वहीत गणित करून पाहिले, आले! पण तो मर्यादा-स्थिरांक येतो कुठून? की तो नुसता जुळवून घेतलेला आहे?

गणितमास्तर

दीर्घिकांच्या निरीक्षणांवरून घेतलेला आहे, सईताई. तो कुठून येतो हे मॉन्ड सांगत नाही. एक नोंद मात्र स्वतः मिलग्रोम यांनीच केली होती. प्रकाशाचा वेग गुणिले हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर), भागिले २π, असे केले की जवळजवळ हाच आकडा मिळतो. म्हणजे एका दीर्घिकेतल्या ताऱ्याला संपूर्ण विश्वाच्या प्रसरणाचा काहीतरी पत्ता आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. किंवा तो निव्वळ योगायोग असू शकतो. एरिक व्हर्लिंडे यांनी २०१६ मध्ये गुरुत्वाकर्षण हेच मूळ बल नसून कशाचा तरी परिणाम आहे असे धरून या आकड्यापर्यंत यायचा प्रयत्न केला आहे.

आर्द्रा

माझे मत वेगळे आहे, आणि मी ते सविस्तर लिहिते, कारण मॉन्डचे यश सांगितले जाते तितक्या तपशिलाने त्याचे अपयश सांगितले जात नाही.

एक, दीर्घिकासमूह. झ्विकींचा प्रश्न जिथून सुरू झाला तिथेच मॉन्ड अडखळते. मॉन्डचा नियम लावूनही समूहांमध्ये दिसणाऱ्या पदार्थाच्या साधारण दुप्पट पदार्थ लागतो. म्हणजे न दिसणारे काहीतरी तिथेही मानावेच लागते. मग ते न्यूट्रिनो नावाचे कण असोत की थंड वायू.

दोन, बुलेट क्लस्टर. दोन समूह एकमेकांतून आरपार गेले. साध्या पदार्थाचा मोठा भाग तप्त वायूच्या रूपात होता, तो एकमेकांवर आदळून मध्ये अडकला. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला तो वायू मध्यभागी दिसतो. पण गुरुत्वीय भिंगामुळे (वस्तुमानाने प्रकाश वाकवल्यामुळे) मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा ज्या प्रकारे वाकड्या होतात त्यावरून वस्तुमान कुठे आहे ते काढले, तर ते दोन्ही बाजूंना, दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेले सापडते. २००६ चे हे काम आहे. पदार्थ एका जागी आणि गुरुत्वाकर्षण दुसऱ्या जागी, हे नुसता नियम बदलून समजावणे फार कठीण आहे.

तीन, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार: विश्वाच्या आरंभकाळातला सूक्ष्मलहरींचा प्रकाश, सीएमबी. त्यातल्या चढउतारांच्या आलेखाला शिखरे असतात. इथे मॅकगॉ यांना श्रेय द्यायला हवे. डार्क मॅटर नसेल तर पहिल्या आणि दुसऱ्या शिखरांच्या उंचीचे गुणोत्तर काय असेल, ते त्यांनी १९९९ मध्ये आधी सांगितले होते आणि ते बरोबर आले. पण त्याच विचाराने तिसरे शिखर ठेंगणे यायला हवे होते. ते दुसऱ्याच्या तोडीस तोड उंच निघाले. प्रकाशाशी देणेघेणे नसलेला, पण गुरुत्वाकर्षण असलेला पदार्थ मानला की ही उंची सहज येते.

मृगशीर्ष, तुमची 'आधी सांगितले का' ही कसोटी मला मान्य आहे. पण मग तिसऱ्या शिखरालाही तीच लावू.

मृगशीर्ष (धागाकर्ती)

मान्य, आर्द्रा. तिसऱ्या शिखराबद्दल एकच भर. २०२१ मध्ये स्कॉर्डिस आणि झ्लोश्निक यांनी मॉन्डचे सापेक्षतेशी सुसंगत असे एक नवे रूप मांडले, त्यात सीएमबीचा आलेख बसतो. मात्र त्यासाठी त्यांना दोन नवी क्षेत्रे आणावी लागली, आणि आरंभीच्या काळात त्यांतून जे निर्माण होते ते जवळजवळ डार्क मॅटरसारखेच वागते. म्हणजे ते पूर्णपणे टाळता आले असे म्हणता येणार नाही.

त्याआधीचे बेकेन्स्टाइन यांचे २००४ चे रूप १७ ऑगस्ट २०१७ ला मोठ्या संकटात सापडले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे कापून आपल्याकडे १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले. ज्या ज्या सिद्धांतांत या दोघांचा वेग वेगळा होता ते एका दिवसात बाद झाले. पर्यायी मॉडेल दाबली जातात असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. कोणी दाबले नाही, निरीक्षणाने निकाल दिला.

खोडदकर

आमच्या गावाजवळचा विषय निघाला म्हणून लिहितो. नारायणगावच्या पुढे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती सगळ्यांसाठी खुली असते, आम्ही दरवर्षी शाळेची मुले नेतो.

मास्तरांनी सांगितलेल्या संबंधाची एक फार चांगली तपासणी याच दुर्बिणीने झाली आहे. मोठ्या दीर्घिकेत मुख्य अडचण अशी, की ताऱ्यांचे वस्तुमान प्रकाशावरून अंदाजाने काढावे लागते आणि तिथे चूक शिरते. अगदी छोट्या, फिकट, अनियमित दीर्घिकांमध्ये तारे थोडे आणि हायड्रोजन वायू जास्त असतो. वायूचे वस्तुमान २१ सेंटिमीटर लहरींवरून सरळ मोजता येते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी अशा दीर्घिकांचे सर्वेक्षण जीएमआरटीवर केले आणि २००८ मध्ये त्यांच्यासाठी हा वस्तुमान-वेग संबंध तपासून प्रसिद्ध केला. डार्क मॅटर मानणारे असोत की मॉन्ड मानणारे, दोघांनाही ही मोजमापे लागतात.

मुले विचारतात, 'सर, इथून डार्क मॅटर दिसते का?' मी सांगतो, दिसत नाही, पण ते आहे की नाही हे ठरवायला जे मोजावे लागते ते इथे मोजतात.

तिसरा_डोळा

एवढे सगळे असेल तर डार्क मॅटरचा एक तरी कण आतापर्यंत सापडायला हवा होता ना? चाळीस वर्षे शोधत आहेत. जी वस्तू सापडतच नाही ती आहे असे किती काळ म्हणत राहायचे?

आर्द्रा

रास्त प्रश्न आहे. अमेरिकेत साउथ डाकोटामध्ये जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर एलझेड हा प्रयोग १० टन द्रवरूप झेनॉन घेऊन बसला आहे. २०२४ मध्ये त्यांनी २८० दिवसांची नोंद जाहीर केली, त्यात 'विम्प' नावाच्या जड कणांचा मागमूस नाही. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली झेनॉनएनटी, चीनमध्ये पांडाएक्स, सगळीकडे तेच. भारतातही झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत सुमारे ५५० मीटर खोलीवर प्रयोगशाळा आहे, तिथेही शोध चालू आहे.

यातून विम्पच्या कल्पनेला मोठा धक्का बसला आहे, हे मी नाकारत नाही. पण डार्क मॅटर म्हणजे फक्त विम्प नव्हे. ॲक्सिऑन नावाचे कण विम्पपेक्षा कितीतरी हलके असतील आणि त्यांना शोधायची तऱ्हाच निराळी. न्यूट्रिनोची कल्पना पाउली यांनी १९३० मध्ये मांडली आणि तो सापडला १९५६ मध्ये. उशीर झाला म्हणून नाही, असे ठरत नाही.

तिसरा_डोळा

आणि उलटही उदाहरण आहे. युरेनसची चाल बिघडलेली दिसली म्हणून ल व्हेरिए यांनी न दिसणारा ग्रह मानला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल बिघडलेली दिसली, शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावत. त्यांनी पुन्हा न दिसणारा ग्रह मानला, त्याला व्हल्कन नावही पडले. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि तफावत मिटली. आपण नेपच्यूनच्या गोष्टीत आहोत की व्हल्कनच्या, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

पुनर्वसू

नारळीकर सरांचा उल्लेख वरवर होऊन गेला, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. त्यांच्यावरच्या बहुतेक श्रद्धांजली-लेखांत 'महास्फोटाला विरोध करणारे' एवढेच एक वाक्य होते. त्यांनी नेमके काय म्हटले होते, ते मराठी वाचकाला तरी माहीत असावे.

१९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या मॉडेलमध्ये विश्वाला एकच आरंभबिंदू नाही. विश्व फार लांबच्या काळावर, सुमारे १०००अब्ज वर्षांच्या प्रमाणावर, प्रसरण पावत राहते. त्या प्रसरणावर सुमारे ५० अब्ज वर्षांचे एक आकुंचन-प्रसरणाचे आवर्तन चढलेले असते. नवा पदार्थ एकाच महास्फोटात जन्मत नाही, तर अतिघन वस्तूंच्या आसपास छोट्या छोट्या स्फोटांतून जन्मतो. त्यासाठी ऋण ऊर्जेचे एक 'निर्मिती क्षेत्र' मानले जाते. या क्षेत्रावर हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकापासून काम केले होते.

आता सीएमबीचे काय? त्यांचे उत्तर: ताऱ्यांचा प्रकाश अंतराळातल्या लोखंडाच्या बारीक तंतूंनी शोषून पुन्हा सूक्ष्मलहरींच्या रूपात बाहेर टाकला. सुमारे १ मिलिमीटर लांबीचे, अतिशय बारीक तंतू. सुपरनोव्हातून बाहेर पडणारी धातूची वाफ थंड होताना असे तंतू बनू शकतात, यासाठी प्रयोगशाळेतला आधारही ते देत. आणि १९९८ चे सुपरनोव्हा मंद का दिसले? त्याच तंतूंमुळे. २००० मध्ये बॅनर्जी, नारळीकर, विक्रमसिंघे, हॉइल आणि बर्बिज यांनी हे गणित करून दाखवले. एकाच गृहीतकातून दोन कोडी सोडवण्याचा हा प्रयत्न होता आणि तो मला आजही देखणा वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या स्थिर-स्थिती सिद्धांतात विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होते, हे त्याच्या गणितातच होते. त्या काळी जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ प्रसरण मंदावते आहे असे धरून चालत आणि ते किती मंदावते हे मोजायला निघाले होते. १९९८ मध्ये वेग वाढताना दिसला, तेव्हा सर आवर्जून याची आठवण करून देत.

तिसरा_डोळा

मग त्यांना नोबेल का नाही? आपला माणूस म्हणून डावलले, दुसरे काय.

पुनर्वसू

नाही, हे मला पटत नाही. हॉइल आणि बर्बिज तर ब्रिटिशच होते आणि मॉडेल तिघांचे होते. ते मागे पडले ते निरीक्षणांमुळे. २००४ मध्ये हबल दुर्बिणीने आणखी दूरचे सुपरनोव्हा पाहिले. सगळीकडे सारखी पसरलेली धूळ हे मंदपणाचे कारण असते, तर जितके दूर तितका मंदपणा वाढत जायला हवा होता. तसे झाले नाही. फार पूर्वी प्रसरण मंदावत होते आणि नंतर वेग घेऊ लागले, असे चित्र दिसले. सीएमबीचा वर्णपट कृष्णिकेशी (एकाच तापमानाच्या आदर्श वस्तूच्या प्रारणाशी) इतका अचूक जुळतो आणि त्याच्या शिखरांचा आलेख इतका रेखीव आहे, की तो तंतूंमधून आणणे फार जड गेले.

पण ते पळवाट काढून बसले नाहीत. २००३ मध्ये त्यांनी सीएमबीच्या चढउतारांवर निबंध लिहिला तेव्हा त्यात तरुण सौरदीप सहलेखक होते. सौरदीप तेव्हा आयुका या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेतलेच, सीएमबीच्या रूढ विश्लेषणातले जाणकार. ज्या संस्थेचा संस्थापक-संचालक महास्फोट मानत नाही, तिथेच महास्फोटाच्या मॉडेलवर जागतिक दर्जाचे काम होते आणि दोघे एकत्र बसून मोजमापे तपासतात. १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेत त्यांनी रुजवलेली ही रीत मला त्यांच्या कोणत्याही समीकरणाइतकीच मोलाची वाटते.

खोडदकर

+१. पुनर्वसू, हा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवणार.

सई_क

आणि विश्वाचे वय २६.७ अब्ज वर्षे आहे म्हणतात, त्याचे काय? माझ्या भावाने तेच पाठवले होते आणि त्यावरून घरात मोठी चर्चा झाली.

मृगशीर्ष (धागाकर्ती)

सई, ते ओटावा विद्यापीठातल्या राजेंद्र गुप्ता यांचे २०२३ चे काम. प्रकाश लांबचा प्रवास करताना 'थकतो' आणि त्यामुळे त्याची ताम्रसृती (प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे) वाढते, ही झ्विकींची १९२९ ची कल्पना आहे. गुप्ता यांनी ती निसर्गाचे स्थिरांक काळाबरोबर बदलतात या कल्पनेशी जोडली.

निव्वळ थकलेला प्रकाश मात्र टिकत नाही, आणि त्याचे कारण समजायला सोपे आहे. प्रसरणामुळे ताम्रसृती होत असेल तर दूरच्या सुपरनोव्हाचे उजळणे-मावळणेसुद्धा त्याच प्रमाणात ताणलेले दिसले पाहिजे. नुसता प्रकाश थकत असेल तर दिसता कामा नये. डार्क एनर्जी सर्व्हेने १५०४ सुपरनोव्हांवर हे तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले: ताण नेमका प्रसरणाने सांगितला तेवढाच. गुप्ता यांच्या मिश्र मॉडेलमध्ये प्रसरणही आहे, त्यामुळे ते एवढ्याने बाद होत नाही. पण त्याला सीएमबीसकट बाकी सगळे एकत्र जुळवून दाखवावे लागेल.

विदा

डार्क एनर्जीच्या बाजूला कोणी फारसे गेले नाही, म्हणून थोडे लिहितो. माझ्या मते सध्याची खरी हालचाल तिथेच आहे.

टाइमस्केप आधी. विल्टशायर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात आहेत, २००७ पासून या मॉडेलवर काम करतात. मुद्दा असा: आपण विश्व सगळीकडे सारखे आहे असे धरून समीकरण सोडवतो. प्रत्यक्षात दीर्घिका जाळ्यासारख्या पसरल्या आहेत आणि मध्ये प्रचंड पोकळ्या आहेत. आयुका आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' हा महासमूहच सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार पदार्थाच्या दाटीत घड्याळ हळू चालते. विल्टशायर म्हणतात, दाटीतले घड्याळ आणि पोकळीतले घड्याळ यांच्यातला फरक अब्जावधी वर्षांत साचत जातो आणि आपण आपल्या घड्याळाने सगळ्या विश्वाचे प्रसरण मोजतो, म्हणून ते वेग घेताना 'दिसते'. डार्क एनर्जी लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या गटाने सुपरनोव्हांच्या नोंदी रूढ मॉडेलपेक्षा टाइमस्केपला अधिक चांगल्या जुळतात असे दाखवले.

मला हे मॉडेल आवडते, कारण यात नवा पदार्थ नाही, नवा नियम नाही, आहे तोच सापेक्षतावाद अधिक काटेकोरपणे लावायचा आहे. पण आइन्स्टाइनची समीकरणे संगणकावर सोडवून केलेल्या सिम्युलेशनमध्ये हा परिणाम इतका मोठा येत नाही. ही हरकत गंभीर आहे.

दुसरी हालचाल डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाची. ॲरिझोनातल्या किट पीकवर ४ मीटरच्या दुर्बिणीला ५००० प्रकाशतंतू जोडलेले आहेत, प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे एकेका दीर्घिकेकडे वळतो. आरंभीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या वाटपात सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांची एक मोजपट्टी ठेवून दिली आहे, ती वेगवेगळ्या काळांत केवढी दिसते ते डेसी मोजते. मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (फार दूरची अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रे) यांच्या नोंदींवरून त्यांनी सांगितले, की डार्क एनर्जी काळाबरोबर क्षीण होत असावी. बरोबर कोणता सुपरनोव्हा-संच घेतला त्यानुसार खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (जितके सिग्मा जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). शोध लागला म्हणायला ५ लागतात. आर्द्राताई दुजोरा देतील, ३ सिग्माचे कितीतरी दावे पुढे विरून गेले आहेत.

तरीही मी याकडे गांभीर्याने पाहतो. आयुकाचे वरुण साहनी, अर्मान शफिलू आणि अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी २०१४ मध्येच याच प्रकारच्या, पण तुलनेने तुटपुंज्या मोजमापांवरून डार्क एनर्जी बदलत असावी असे लिहिले होते. ती बदलत असेल तर आइन्स्टाइनचा वैश्विक स्थिरांक हे उत्तर गेले, आणि ६८ टक्क्यांची गोष्ट नव्याने लिहावी लागेल. त्यात हबल स्थिरांकाचा वाद आहेच: सीएमबीवरून ६७.४, जवळच्या सुपरनोव्हांवरून ७३. दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा तपासूनही आकडे जवळ येत नाहीत.

आर्द्रा

दुजोरा देते. वेगवेगळे सुपरनोव्हा-संच आणि डेसी यांचे मेळ बसवताना कमी अंतरावरचे जुने सुपरनोव्हा फार प्रभाव टाकतात. व्हेरा रुबिन वेधशाळेची नवी, एकाच दुर्बिणीने घेतलेली निरीक्षणे येईपर्यंत मी थांबेन.

गणितमास्तर

मॉन्डकडे परत येतो, कारण त्याची सर्वांत स्वच्छ परीक्षा सध्या आपल्या शेजारी चालू आहे. एकमेकांपासून फार दूर असलेल्या जोडताऱ्यांमध्ये डार्क मॅटरचा प्रश्नच येत नाही, इतकी ती जागा छोटी. पण अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ७००० पट झाले, की सूर्याएवढ्या ताऱ्याचे त्वरण मिलग्रोम यांच्या मर्यादेपर्यंत उतरते. तिथे वेग न्यूटनप्रमाणे की जास्त? गाया या अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींवरून कोरियाचे क्यू-ह्यून चे यांनी २०२३ मध्ये जास्त असे उत्तर दिले. मेक्सिकोच्या हर्नांडेझ यांचेही तेच. इंद्रनील बाणिक आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये त्याच गायाच्या नोंदींवरून न्यूटनच बरोबर असे मोठ्या खात्रीने म्हटले. बाणिक स्वतः अनेक वर्षे मॉन्डवर काम केलेले, म्हणून त्यांचे म्हणणे मला जड वाटते.

भांडण कुठे आहे तर जोडीत न दिसणारा तिसरा तारा लपलेला असू शकतो यावर. तो असेल तर वेग उगाच जास्त दिसतो. किती जोड्यांत तो धरायचा यावर उत्तर फिरते.

खोडदकर

मास्तर, आमच्या अकरावीच्या मुलांना स्वतः काही करून पाहता येईल का? नुसते ऐकून त्यांचे समाधान होत नाही.

गणितमास्तर

येईल, आणि फुकट. स्पार्क नावाचा संच आहे, लेली, मॅकगॉ आणि शोम्बर्ट यांनी २०१६ मध्ये खुला केलेला, १७५ दीर्घिकांचे परिवलन वेग. प्रत्येक अंतराला मोजलेला वेग आणि त्याच्या शेजारी वायू, चकती आणि मधला फुगवटा यांच्या गुरुत्वाकर्षणाने किती वेग यायला हवा ते दिलेले आहे. मुलांनी मोजलेल्या वेगावरून एक त्वरण काढायचे, दिसणाऱ्या पदार्थावरून दुसरे, आणि दोन्ही लॉग-लॉग आलेखकागदावर एकासमोर एक मांडायचे.

विदा

खोडदकर सर, तीन गोष्टी आधीच सांगतो, नाहीतर मुलांचा आलेख वेडावाकडा येईल. चकतीचा वेग वस्तुमान-प्रकाश गुणोत्तर १ धरून दिला आहे. त्याचा वर्ग करून ०.५ ने गुणा, फुगवट्याचा ०.७ ने. वायूचा वेग आतल्या भागात कधी कधी ऋण असतो, ती छपाईची चूक नाही. मध्ये वायू कमी असेल तर ओढ बाहेरच्या दिशेला होते. म्हणून वर्ग करताना चिन्ह जपा. आणि ज्या दीर्घिकांचा कल ३० अंशांपेक्षा कमी आहे त्या गाळा, जवळजवळ समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेचा परिवलन वेग भरवशाचा नसतो.

पहिल्यांदा एनजीसी २४०३ किंवा एनजीसी ३१९८ ही दीर्घिका घ्या. दोन्हींची मोजमापे बाहेरपर्यंत जातात.